स्लीव्ह होऊन १९ दिवस झाले, चार चमचे पोह्यांनी जीव काढला

पेरूची_फोड (इंदूर)

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या. मी ४३ वर्षांची, राजेंद्रनगरला राहते. वजन ११२ होतं, उंची पाच फूट दोन इंच, शुगर सात वर्षांपासून, गुडघ्यांचं तर विचारूच नका, आणि रात्री झोपेत श्वास अडकायचा म्हणून तोंडाला मशीन लावून झोपायचे. डाएटं सगळी करून झाली, १२ किलो उतरायचं आणि १५ चढायचं. शेवटी १९ दिवसांपूर्वी स्लीव्हचं, म्हणजे वजनासाठी पोट कापून लहान करायचं, ऑपरेशन करून घेतलं, दुर्बिणीतून, पोटावर पाच बारकी भोकं, तिसऱ्या दिवशी घरी. खांदा दुखला तीन-चार दिवस, पोटात गॅस भरतात ना त्याने, बाकी टाक्यांचं वगैरे काही नाही. मला वाटलं सुटले.

खरी गंमत घरी आल्यावर. पहिले दोन आठवडे नुसतं पातळ, वरणाची निवळ, ताक, नारळपाणी, गाळलेलं सूप. ते कसंबसं काढलं. पंधराव्या दिवसापासून कागदावर लिहिलंय घोटलेलं, मिक्सरमधून काढलेलं चालेल. आणि रविवारी सकाळी नणंद आली, येताना कोपऱ्यावरच्या ठेल्यावरचे पोहे घेऊन, गरम गरम, वर शेव, जीरावन, डाळिंबाचे दाणे. पुडी उघडल्यावर जो वास आला ना... १९ दिवस झाले हो. सासूबाई म्हणाल्या अगं पोहे मऊच असतात, चार चमचे खा, काही होत नाही. मलाही तेच ऐकायचं होतं. शेव बाजूला काढली (केवढा संयम!) आणि खाल्ले चार चमचे, भराभर.

पाच मिनिटांत छातीच्या मधोमध दगड बसल्यासारखं. वर येईना खाली जाईना. मग तोंडात नुसता फेस, लाळ गिळता येईना, वाटी घेऊन बसले. नवऱ्याने पाणी प्यायला लावलं तर ते उलटून बाहेर. तास दीड तास असं चाललं मग उलटी झाली आणि मोकळं वाटलं. आता कालपासून भीती बसलीये, आतले टाके तर नाही ना सुटले? ताप नाही, पोट दुखत नाही.

आणखी एक, पाणी दोन लिटर प्यायला सांगितलंय पण दिवसभरात सातशे-आठशे मिलीच्या वर जातच नाही. ती प्रोटीन पावडर व्हॅनिलाची, वासानेच ढवळतं. आणि वजन, पहिल्या दोन आठवड्यांत सहा किलो उतरलं आणि आता पाच दिवस झाले काटा जागचा हलत नाही, म्हणजे एवढं पोट कापून घेऊन पण? कोणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.


शेव_सोडलेला (इंदूर, सुदामानगर)

ताई आधी एक काम करा, डॉक्टरांच्या तिथे फोन लावा आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगा, पोहे खाल्ले हे पण सांगा, लपवू नका, ते रोज ऐकतात. पाणी खाली जातंय, ताप नाही, नाडी नॉर्मल आहे तर बहुतेक अडकलं होतं आणि निघालं एवढंच. पण सांगायचं त्यांना.

माझं तीन वर्षांपूर्वी झालंय, माझं पोटाचं बायपास (हृदयाचं नव्हे), तुमचं स्लीव्ह, थोडा फरक आहे. तुमचं पोट साधारण पाऊण हिस्सा कापून काढलं, उरली केळ्याएवढी नळी. आतून शिवलेली जागा अजून सुजलेली आहे, तिथून दाट पदार्थ सरकत नाही. आणि पोहे मऊ असले तरी कोरडे असतात भिया, गोळा होऊन बसतात. पाव, पोळी, भात, पोहे, हे चार सगळ्यात बदमाश. वरणात कालवलेलं एक वेळ जाईल, कोरडं नाही. अडकल्यावर वरून पाणी प्यायचं नाही कधीच, पाणी त्याच्यावर जाऊन उभं राहतं आणि सगळं वर येतं. उठायचं, घरातल्या घरात फेऱ्या मारायच्या, लाळ आली तर थुंकायची. आणि मोकळं झाल्यावर पुढचा एक दिवस परत पातळावर यायचं. सुजलेली जागा असते, तिला परत कामाला जुंपायचं नाही.

मी काय करायचो सांगतो. घरातला सगळ्यात बारका चमचा, माझ्या मुलीचा उष्टावणाचा चांदीचा चमचा होता तो घेतला. बशीत तीन चमचे घोटलेलं मुगाचं वरण. एक चमचा तोंडात, चमचा खाली ठेवायचा. हातात ठेवायचा नाही बरं का, हातात असला की हात आपोआप भरतो, चाळीस वर्षांची सवय आहे त्याची. मग घड्याळाकडे बघायचं, दोन मिनिटं. मग दुसरा. तीन चमच्यांना सात-आठ मिनिटं. बायको म्हणायची मंत्र म्हणताय की जेवताय. आणि पोट भरलं हे आता पोटात कळत नाही ताई, मला तर नाक गळायला लागायचं, शिंक यायची, काहींना उचकी लागते. ती खूण आली की पुढचा अर्धा चमचा सुद्धा नाही. तो अर्धा चमचाच उलटी करवतो.

आता माझी फजिती ऐका म्हणजे तुम्हाला तुमची लहान वाटेल. दुसरा महिना संपत आला होता, थंडी होती, दोस्त लोक म्हणाले चल सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, तू नको खाऊ, हवा खा. रात्री साडेअकरा, सोन्याची दुकानं बंद, ओटल्यांवर गर्दी, एकीकडे गराडूचे कंद तळतायत. मी खरंच दोन चमचे भुट्टे का कीस खाल्ला, चावून चावून, काही झालं नाही. बस, डोक्यात हवा गेली. जलेबीचा एक तुकडा घेतला, एकच, बोटाएवढा. पंधरा-वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, एवढ्या थंडीत घामाने शर्ट ओला, हातपाय कापतायत, पोटात मुरडा. एका सराफाच्या बंद दुकानाच्या ओटल्यावर आडवा झालो, डोक्याखाली मित्राचं स्वेटर, आणि आजूबाजूला लोक रबडी खातायत, एक माणूस तर माझ्या पायाशी दोना ठेवून उभा राहिला. अर्ध्या तासाने उठून बसलो. त्याला डंपिंग म्हणतात. साखर पोटात न थांबता सरळ आतड्यात जाऊन पडते, तिथे पाणी ओढून घेते. बायपासवाल्यांना जास्त होतं, स्लीव्हमध्ये कमी, पण होतं कोणाकोणाला. म्हणून जलेबीपण नाही आणि शिकंजी तर अजिबातच नाही, आपली इंदुरी शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे, आटवलेलं दूध आणि साखर.

पाण्याचं, ग्लास विसरा. औषधाच्या बाटलीबरोबर ३० मिलीचं माप येतं ना, ते घ्या. दर दहा मिनिटांनी एक माप, घुटक्या घुटक्याने. तासाला १८० झालं. दिवसात दहा तास धरले तरी १८००. जेवणाआधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास पाणी नाही, तेवढं सोडून. मोबाईलमध्ये अलार्म लावला होता मी, ऑफिसमध्ये सगळे वैतागले होते.

वजनाचं कोणी तरी सांगा, टाईप करून बोट दुखलं.


स्पष्ट_बोलतो

मला एक कळत नाही, चांगलं धडधाकट पोट कापून का घ्यायचं? जिभेवर ताबा ठेवा आणि रोज सकाळी मेघदूत बागेत पाच राउंड मारा, माझ्या भाच्याचं १४ किलो कमी झालं, एक रुपया खर्च नाही. पूर्वी कुठे होती ही ऑपरेशनं.


शेव_सोडलेला

पूर्वी सराफ्यातून रिक्षाने घरी यायची सोय पण नव्हती काका. त्यांनी ऑपरेशन करू का असं विचारलेलं नाहीये, झालंय. पोह्यांबद्दल असेल काही तर बोला.


बडोद्याची_मीठभाकर (वडोदरा)

मी इथे बडोद्यात हॉस्पिटलमध्ये डाएटिशियन आहे, अशा ऑपरेशनचे पेशंट रोज बघते, पण तुमचा कागद तुमच्या टीमने तुमची तब्येत बघून दिलाय, तो आधी, मी नंतर.

वजन अडकणं हे तिसऱ्या आठवड्यात इतक्या जणांचं होतं की मी आता ऑपरेशनच्या आधीच सांगून ठेवते. सुरुवातीला जे पटकन उतरतं त्यात पाणी खूप असतं. शरीर आधी साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजन, वापरून टाकतं आणि त्याच्याबरोबर त्याच्या तिप्पट पाणी बाहेर पडतं. मग थोडं पाणी परत धरलं जातं आणि काटा थांबतो, चरबी आतल्या आत जळतच असते. एक आठवडा, कधी दोन. काटा कपाटावर टाका आणि आठवड्यातून एकदाच खाली काढा, आणि सलवार सैल होतेय का ते बघा.

मला तुमची काळजी वजनाची नाही वाटत, प्रोटीनची वाटते. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम लागतं. आपल्या घरांत सगळ्यांना वाटतं वरणाचं पाणी म्हणजे ताकद. अहो निवळीत प्रोटीन जवळजवळ नसतंच, ते खालच्या गाळात राहतं जो घरातले बाकीचे खातात. सुरुवातीच्या दिवसांत पाणी म्हणून निवळ ठीक, पण आता घोटलेलं दाट वरण घ्या, मूठभर मुगाच्या डाळीत, ३० ग्रॅम म्हणा, सात ग्रॅम प्रोटीन. २०० मिली दुधात सहा-साडेसहा. एका अंड्यात सहा. १०० ग्रॅम पनीरमध्ये १८च्या आसपास, पण तुम्ही तेवढं खाणार कुठे, दोन चमचे मऊ पनीर दुधात फिरवून घेतलं तरी खूप. म्हणून सध्या पावडरशिवाय गाडी चालत नाही, एका मापात २४ ग्रॅमच्या आसपास मिळतं. व्हॅनिला नको तर बिनचवीची व्हे मिळते, ती कोमट कढणात किंवा ताकात टाका, हिंग-जिऱ्याचं ताक करा, वास मरतो. उकळत्यात टाकू नका, गुठळ्या होतात आणि मग ते फाटलेल्या दुधासारखं दिसतं, ते बघून तर तुम्ही कायमची सोडाल. आणि रात्री फडक्यात बांधून केलेला चक्का, साखर न घालता, मीठ आणि किंचित जिरेपूड, माझे निम्मे गुजराती पेशंट त्यावर तरले. बाकी निम्मे फाफड्याबद्दल विचारत असतात.

गोळ्यांमध्ये कॅल्शियम आणि आयर्न एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा, आणि आयर्न चहाबरोबर नाही. कॅल्शियम सायट्रेटवालं. बी१२ बद्दल विचारून घ्या कारण शाकाहारी असाल तर ते आधीच कमी असतं. आणि या गोळ्या दोन-तीन महिने नाही, आयुष्यभर आहेत, हे लोक सहा महिन्यांनी विसरतात. पित्ताच्या खड्यांसाठी गोळी दिली असेल तर ती बंद करू नका, वजन भराभर उतरताना खडे होतात.

एक गोष्ट मात्र नीट वाचा. एकदा अडकून उलटी झाली ती वेगळी. पण दिवसभर पाणीही टिकत नसेल, किंवा रोज रोज उलट्या होत असतील तर घरी बसायचं नाही. शरीरात बी१ व्हिटॅमिनचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो, तो संपला की पायाला मुंग्या, चालताना झोक जाणं, एकाचे दोन दिसणं असं सुरू होतं आणि ते कधी कधी पूर्ण भरून येत नाही. कुठल्याही जवळच्या दवाखान्यात सलाईन लावायची वेळ आली तर सांगायचं की माझं हे ऑपरेशन झालंय, ग्लुकोजच्या आधी बी१ द्या. आणि ताप, नाडी १२० च्या वर, वाढत जाणारं पोटाचं दुखणं, डाव्या खांद्यात नव्याने कळ, दम लागणं, एकाच पायाची पोटरी सुजणं, काळी शी, यातलं काहीही दिसलं तर इथे लिहू नका, सरळ हॉस्पिटलात जा. गुडघ्यासाठी मेडिकलवरून दुखण्याच्या गोळ्या आणून घेत असाल तर त्याही बंद, डॉक्टर देतील तीच.


दुसरी_वाटी (ग्वाल्हेर)

शुगरचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. यांचं ऑपरेशन मागच्या वर्षी झालं. दवाखान्यातून निघताना शुगरच्या गोळ्या कमी करून दिल्या होत्या, कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, पण घरात तो जुना गोळ्यांचा डबा होता ना, सोमवार-मंगळवार लिहिलेला, आणि मीच भरायचे तो. सवयीने जुन्याच भरल्या. चूक माझीच. दहाव्या दिवशी दुपारी हे टीव्ही बघता बघता विचित्र बोलायला लागले, घाम फुटला, मला वाटलं हार्ट अटॅक. मुलाने मशीन लावलं तर शुगर ५८. ग्लुकोज पाण्यात कालवून घोट घोट पाजलं, दहा-पंधरा मिनिटांत माणसात आले. खाणं एवढंसं आणि गोळी आधीच्या भरल्या ताटाची, मग काय होणार. ताई घरात जुन्या गोळ्या असतील तर आजच कपाटातून काढा, शुगरच्या आणि बीपीच्यासुद्धा. आणि सकाळ-संध्याकाळ शुगर लिहून ठेवा.

केसांचं पण आत्ताच सांगून ठेवते नाही तर रडाल. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कंगव्यात गुंतडा येईल. येतो. परत उगवतात. यांना तर गळायलाच फार नव्हते.


आजी_ऑनलाईन (इंदूर, रामबाग)

माझ्या सुनेचं झालंय हे ऑपरेशन, म्हणजे मी तुझ्या सासूबाईंच्या बाजूची आहे, बरं का. त्यांच्यावर रागावू नकोस. आमच्या पिढीला दुसरं काही येतच नाही गं. घरात कोणी आजारी पडलं की आधी गॅस पेटवायचा, मग विचारायचं काय झालं. सून दवाखान्यातून आली त्या दिवशी मी साजूक तुपातला शिरा केला होता, आणि ती तो नको म्हणाली तर दुपारभर मी तिच्याशी बोलले नाही. आता लाज वाटते.

पुढे काय झालं तर तिच्या डाएटच्या बाईंनी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या आजी, सुनेचं पाणी तुमच्याकडे. मी कालनिर्णयच्या मागच्या बाजूला पेन्सिलने रेघ मारायची, एक माप प्यायली की एक रेघ, पाच झाल्या की आडवी. रोज संध्याकाळी मी मोजणार. मला हातात काम मिळालं आणि तिच्यामागचा माझा चमचा सुटला. तुझ्या सासूबाईंना असं काही तरी दे. नुसतं नको नको म्हणशील तर त्या लपवून देतील, मी दिलं असतं.

आणि लोक बघायला येतात ते. आपल्याकडे रिकाम्या हाताने कोणी येत नाही, नमकीनचा पुडा तरी असतोच. आम्ही दाराशीच घ्यायचो, वरच्या फडताळात ठेवायचो, आणि चहा बैठकीत नाही, आतल्या खोलीत. तिच्यासमोर कोणी कुडुमकुडुम खायचं नाही. माझे यजमान सोडून. त्यांना सांगून उपयोग नव्हता.


स्पष्ट_बोलतो

बरं. माझ्या बोलण्याचा राग मानू नका ताई. माझ्या बहिणीचा पण बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४२ आहे, तिला डॉक्टरांनी हेच सुचवलंय आणि मला भीती वाटते, म्हणून तसं लिहिलं. तो भाचा तिचाच. एक विचारायचं होतं, चालायला कधीपासून सांगतात?


शेव_सोडलेला

त्याच दिवशी संध्याकाळी उठवतात काका, सलाईनचा स्टँड धरून वॉर्डात. रक्ताची गुठळी पायात होऊ नये म्हणून. घरी आल्यावर गल्लीत, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. वजन उचलायचं नाही महिना-सव्वा महिना, गॅसची टाकी, पाण्याची बादली, नातू, काही नाही. बहिणीला म्हणावं आधी भेटून बोलून घे, आपल्यापैकी कोणाशी तरी. मी येतो घरी. पोहे ठेवू नका.


पेरूची_फोड

सगळ्यांचे खूप खूप आभार, वाचताना रडले पण आणि सराफ्याच्या ओटल्यावर हसताना टाके दुखले पण. काल दाखवून आले. टाके ठीक आहेत, अडकलंच होतं, दोन दिवस परत पातळावर टाकलंय आणि पोहे किमान दोन महिने तरी नावही काढायचं नाही म्हणाले. नवऱ्याकडे बघून म्हणाले, नावच. शुगरची गोळी निम्मी केली, ग्वाल्हेरच्या ताई, तुमच्यामुळे विचारलं, घरात जुनी पट्टी निघाली खरंच, पूजेच्या डब्यात, सासूबाईंनी जपून ठेवली होती.

बिनचवीची पावडर मिळाली. हिंगाच्या ताकात घेतली तर ताक म्हणूनच गेली, अर्धं माप सकाळी, अर्धं चार वाजता. काल एकूण ४६ ग्रॅम झालं, ६० व्हायला वेळ लागेल पण आधी २० पण होत नव्हतं. काटा नवऱ्याने माळ्यावर टाकला.

आणि आजी, कालनिर्णय लागलं कामाला. पण आमच्या सासूबाई पेन्सिल वापरत नाहीत, कुंकवाची टिकली लावतात भिंतीवरच्या पानावर. नणंद आली होती परत, या वेळी रिकाम्या हाताने, तिला म्हणाल्या आधी टिकल्या मोज मग बस. काल ४१ झाल्या. आज दुपारचे साडेतीन वाजलेत आणि २२ वर आहे, आतून हाक येतेय, जाते.